बिनधर्म्याचा शनिवार

पहिल्या रविवारी सकाळी कॉर्पोरल मेंगने सगळी कंपनी मैदानावर उभी केली आणि हुकूम दिला : चर्चवाले डावीकडे, विहारवाले उजवीकडे, कॅथलिक झेंड्याच्या खांबापाशी. मैदानातला बर्फ बुटांखाली दाबून दाबून काचेसारखा झाला होता. नव्या भरतीची पोरं घसरत, एकमेकांचे दंड धरत आपापल्या देवाकडे पळाली.

कुठल्या देवाकडे काय मिळतं याची खबर आदल्याच दिवशी बराकीत फिरली होती. प्रोटेस्टंटांच्या चर्चमध्ये दोन चोकोपाय आणि बाहेरून आलेल्या मुलींचं गायन. विहारात चोकोपाय एकच, पण सोबत कोला. कॅथलिकांकडे बर्गर असतो, असं कोणीतरी कोणाकडून तरी ऐकलं होतं. चोकोपाय म्हणजे दोन मऊ बिस्किटं, मध्ये पांढरा चिकट गोळा आणि वरून चॉकलेटचा मुलामा. बाहेरच्या जगात शाळकरी पोरंही त्याच्याकडे वळून बघत नाहीत. पण प्रशिक्षण केंद्रात गोड म्हणून काही मिळत नसे, आणि आठवडाभर थंडीत रांगल्यावर माणसाला साखरेची स्वप्नं पडतात.

मैदान रिकामं झालं तेव्हा मधोमध एक जण उरला. त्याचं नाव प्यो दोजिन.

"तू कुठला?" मेंगने विचारलं.

"वोंजूचा."

"गाव नाही विचारलं. धर्म विचारला."

"कुठलाच नाही."

मेंग दोजिनपेक्षा फार तर वर्षभराने मोठा असेल. त्याने टोपी मागे सारली. "कुठलाच नाही असं काही नसतं. बुटाचा नंबर नाही असा माणूस असतो का? रक्तगट नाही असा?"

"रक्तगट 'बी' आहे."

"बघ. तो आहे ना? मग हाही असणार. आठव."

दोजिनने थोडा वेळ प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "नाही आठवत."

मेंगने त्याला संडास धुवायला पाठवलं. यात शिक्षा काही नव्हती, असं मेंगने स्वतःच सांगितलं. देवाच्या वेळात रिकामं बसलेलं कोणी दिसता कामा नये, एवढाच नियम होता.

मंडळी परतली तेव्हा सगळ्या बराकीला चॉकलेटचा वास येत होता. खाऊ तिथेच खाऊन यायचा, बरोबर आणायचा नाही, अशी सक्त ताकीद होती. तरी शेजारच्या गादीवरच्या बांग योंगसूने दोजिनपुढे हात केला. टोपीच्या शिवणीत दडवून आणलेला चोकोपायचा चुरा त्याच्या तळव्यावर होता.

"घे. देवाचं नाही, माझं आहे."

दोजिनने घेतला.

योंगसू योसूच्या बंदरावरचा. बाप मासेमारी जहाजावर, वर्षातले दहा महिने समुद्रात. आई लहानपणीच गेलेली. भरतीच्या आधी तो मासळीचा टेम्पो चालवायचा. त्याला चर्च, विहार आणि कॅथलिक यांतला फरक ठाऊक नव्हता, पण त्याची योजना पक्की होती : पाळीपाळीने सगळीकडे जायचं. तिसऱ्या रविवारपर्यंत चर्चच्या गायनात त्याचा आवाज सगळ्यांत वर लागला होता, हातावर विहारात दीक्षा देताना टेकवलेल्या उदबत्तीचा चटका होता आणि बोटात कॅथलिकांनी दिलेली जपाची अंगठी होती.

दोजिनचं मात्र तेच. दर रविवारी मैदानाच्या मधोमध तो आणि बर्फ.

त्यामागे मोठी कहाणी असेल असं बराकीतल्यांना वाटे. नव्हती. त्याच्या आईचं वोंजूला शेवयांच्या रश्शाचं छोटं दुकान होतं. गिऱ्हाइकाने "रस्सा आजचाच आहे ना?" असं विचारलं आणि तो कालचा असला, तर ती "कालचा आहे" म्हणून सांगायची. काही गिऱ्हाइकं उठून जायची. दोजिन त्या दुकानात वाढला. विचारलं तर आहे ते सांगायचं, एवढंच तो शिकला होता. देवळात बसायला त्याची हरकत नव्हती. गाणं म्हण म्हटलं तरी तो म्हणाला असता. पण तिथे शेवटी "तुझा विश्वास आहे का?" असा प्रश्न विचारतात हे त्याने ऐकलं होतं, आणि त्याचं उत्तर त्याला माहीत होतं.

तिसऱ्या रविवारनंतर कॅप्टन सोकने त्याला बोलावून घेतलं.

कॅप्टन सोक शांत माणूस होता. आधीचा बटालियन प्रमुख बौद्ध होता तेव्हा सोक विहारात पुढच्या रांगेत बसे. आताचा प्रमुख चर्चमधला वडीलधारा होता, तेव्हा सोकच्या टेबलावर बायबल आलं होतं आणि जपमाळ खालच्या खणात गेली होती. यात त्याला काही विचित्र वाटत नसे. बदली झाली की माणूस गणवेशावरची खूण बदलतोच.

"एक सैनिक, एक धर्म," तो म्हणाला. हीच पाटी त्याच्या मागे भिंतीवर होती. "सगळ्या कंपनीत एकटा तू उरलायस. का?"

"विश्वास नाही, साहेब."

"विश्वास कोण मागतंय? धर्म मागतोय. मेल्यावर कुठे जाणार आहेस?"

"माहीत नाही, साहेब."

"मेल्यावर कुठे जायचं हे माहीत नसताना सैन्यात आलास?"

"सक्तीची भरती आहे, साहेब."

कॅप्टनने पेन खाली ठेवलं. "घरी काहीच करत नाही? सणाला, वर्षश्राद्धाला?"

"बाबांच्या श्राद्धाला भात, मासा, फळं मांडतो. साष्टांग नमस्कार करतो."

"हा बघ! हा धर्मच झाला."

"नाही साहेब. ते बाबा आहेत."

मग कॅप्टनने त्याला समजावून सांगितलं. गेल्या वर्षी दुसऱ्या एका तुकडीत एका पोराने गळफास घेतला. चौकशी झाली, तेव्हा वरून पहिला प्रश्न आला : त्याला धर्म होता का? नव्हता. तेव्हापासून ज्याला धर्म नाही त्याला धरायला काही नाही, आणि ज्याला धरायला काही नाही तो दोरी धरणार, असं ठरलं आहे.

"मला तसलं काही वाटत नाही, साहेब."

"त्यालाही वाटत नव्हतं," कॅप्टन म्हणाला.

त्या दिवसापासून दोजिन 'लक्ष ठेवण्याजोगा सैनिक' झाला. अशा सैनिकाला एकटं सोडत नाहीत. संडासातसुद्धा दाराबाहेर कोणीतरी उभं राहतं. त्याच्याजवळ दाढीचं रेझर ठेवत नाहीत. ते त्याच्या जोडीदाराजवळ असतं, दाढीपुरतं मिळतं. जोडीदार म्हणून मनाने भक्कम माणूस लागतो. कॅप्टनने विचारलं, या कंपनीत सगळ्यात श्रद्धाळू कोण? मेंगने क्षणाचाही विचार न करता सांगितलं, बांग योंगसू. त्याला तीन आहेत.

दोजिनचं रेझर अशा रीतीने योंगसूच्या पेटीत गेलं.

आणखी एक गोष्ट होती. धर्म नसलेल्याला निदान घर तरी धरायला असावं, म्हणून त्याने दर शनिवारी कॅप्टनच्या खोलीतून, कॅप्टनसमोर, घरी फोन करायचा असा नियम होता. बाकी कोणालाही फोन नव्हता. मोबाइल पहिल्याच दिवशी जमा झाले होते.

"तू?" पहिल्याच शनिवारी त्याची आई घाबरून म्हणाली. "सैन्यात फोन करू देत नाहीत म्हणतात. काय केलंस?"

"काही नाही, आई. मला धर्म नाही म्हणून देतात."

दुकानातल्या भांड्यांचा आवाज आला. "म्हणून फोन देतात?"

"हो."

"मग धर्म घेऊ नकोस तर," आई म्हणाली.

समोर बसलेल्या कॅप्टनने खिडकीबाहेर पाहिलं.

योंगसूने चोकोपाय खाणं सोडलं आहे हे दोजिनच्या लक्षात आलं ते पुढच्या आठवड्यात. आधी तो शिवणीत चुरा आणायचा. आता रविवारी आख्खा चोकोपाय आला, चपटा झालेला, पण आख्खा.

"तू नाही खाल्लास?"

"नको वाटलं."

"तुला? तू तर त्याच्यासाठी तीन धर्म घेतलेस."

योंगसू हसला नाही. मग रायफली पुसता पुसता त्याने सांगितलं. सुरान नावाची मुलगी होती. लग्न झालेलं नव्हतं; व्हायच्या आत भरतीचं बोलावणं आलं. तिचे दिवस भरत आले होते. तिच्या आईने तिला दूरच्या मावशीकडे नेऊन ठेवलं होतं, शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून. मूल झालं की ते दत्तक देणाऱ्या संस्थेच्या हवाली करायचं, असं आईने ठरवलं होतं. सुरानने सही केली की संपलं. योंगसूने तिला सांगितलं होतं की पोचल्या पोचल्या फोन करीन. त्यानंतर त्याने पत्रं लिहिली होती. एकाचंही उत्तर नव्हतं, म्हणजे ती आईच्याच हातात पडत असणार.

"तिला वाटत असेल मी पळालो," योंगसू म्हणाला. "तिची आई तर तेच सांगत असेल."

"मेंगला सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणाला, बायको आहे का? म्हटलं, नाही. म्हणाला, मग तातडीचं नाही."

"नंबर?"

"पाठ आहे. मावशीच्या घरचा."

पुढच्या शनिवारी दोजिनने फोनवर आईला म्हटलं, "आई, एक नंबर लिहून घे आणि तिथे सांग—" आणि कॅप्टनचं बोट फोनच्या खटक्यावर आलं. लाइन मेली.

"दुसऱ्याचे निरोप चालत नाहीत," कॅप्टन म्हणाला. "सुरक्षेचा प्रश्न आहे."

"साहेब, बांग योंगसूची अडचण आहे. तो जेवत नाही. मला त्याच्याकडे बघून बरं वाटत नाही."

"तो तुझ्यावर लक्ष ठेवतोय की तू त्याच्यावर?"

"साहेब, माझं रेझर त्याच्याकडे आहे."

"त्याला तीन धर्म आहेत," कॅप्टन शांतपणे म्हणाला. "तू स्वतःची काळजी कर."

त्याच संध्याकाळी जाहीर झालं : पुढच्या रविवारी मोठ्या सभागृहात सगळ्या बटालियनचा सामुदायिक बाप्तिस्मा. उरलेल्या विहारवाल्यांची दीक्षा त्याच दिवशी विहारात. ज्या कंपनीत एकही माणूस धर्मावाचून उरणार नाही, त्या कंपनीतल्या प्रत्येकाला घरी एक फोन.

बराकीतल्या सगळ्या माना दोजिनकडे वळल्या.

पहिला दिवस नुसता टोमण्यांत गेला. "महाराज, आमच्या आयांचा आवाज तुमच्या जिभेवर अडकलाय, जरा गिळा की." "नास्तिक आहे ना, मग खोटं बोलल्यावर नरकात जायची भीती कशाला? उलट तूच एकटा सुरक्षित!" हे दुसरं बोलणं दोजिनला बिनतोड वाटलं, आणि त्याने तसं सांगितलंही. त्याने पोरं जास्तच चिडली. दुसऱ्या दिवशी त्याच्या भाताच्या ताटलीत कोणीतरी बर्फ टाकला. तिसऱ्या दिवशी मेंग स्वतः गादीवर येऊन बसला आणि थोरल्या भावासारखा बोलायला लागला.

"हे बघ. हजार माणसं एकदम ओरडणार आहेत. पाद्री विचारणार, 'विश्वास ठेवता?' आणि सगळे म्हणणार, 'ठेवतो!' तू नुसते ओठ हलव. कोणाच्या बापाला कळणार नाही."

"मी येतो," दोजिन म्हणाला. "बसतो. डोक्यावर पाणी घाला. बाकडी पुसतो. तेवढं एक नको."

"अरे पण एकच तर शब्द आहे!"

"म्हणून तर."

मेंग उठला. "तुझ्यासारखे दोन असते ना, तर युद्ध हरलो असतो," तो म्हणाला. कुठलं युद्ध, ते त्याने सांगितलं नाही.

या सगळ्यात एक योंगसू तेवढा दोजिनला काहीच बोलला नाही. आणि त्याचाच फोन सगळ्यांत गरजेचा होता.

गुरुवारी दुपारी कवायतीनंतर दोजिन बराकीत आला तेव्हा योंगसू आपल्या पेटीपाशी उकिडवा बसला होता. पेटी उघडी होती. त्याच्या हातात दोजिनचं रेझर होतं. त्याने पातं काढून तळव्यावर ठेवलं होतं आणि तो त्याच्याकडे पाहत होता. एखादं नाणं खरं की खोटं ते बघावं, तसा.

"दाढी करायचीय मला," दोजिन म्हणाला.

"सकाळी तर केलीस."

"परत करायचीय."

योंगसूने पातं बसवलं आणि रेझर त्याच्या हातात दिलं. दोजिन थंड पाण्याने, साबणाशिवाय, गुळगुळीत गालांची दाढी करत राहिला आणि आरशातून मागे पाहत राहिला. मग म्हणाला, "बाप्तिस्मा रविवारी. फोन त्यानंतर. तोवर मूल होईल?"

"झालंही असेल."

"मग तो फोन आपल्या कामाचा नाही. आपल्याला शनिवारचा पाहिजे."

"शनिवारचा तुझा आहे."

"माझा नाही. ज्याला धर्म नाही त्याचा आहे." दोजिनने रेझर झटकलं. "तू तुझे सोड."

योंगसूला समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर त्याचा चेहरा उजळेल असं दोजिनला वाटलं होतं. तो पांढरा पडला.

"नाही," तो म्हणाला.

"का? खाऊसाठीच तर घेतलेस."

"घेतले खाऊसाठी. नंतर तसं राहिलं नाही." योंगसू बोटातली अंगठी फिरवत होता. "मी मागितलंय, दोजिन. तिघांकडे. रोज मागतो. मूल नीट होऊ दे, तिला सही करायची बुद्धी होऊ नये. आणि आता साहेबासमोर उभा राहून म्हणू, की मी तुम्हाला मानत नाही? आणि मुलाला काही झालं तर?"

"त्यांना कळणार नाही का, की तू फोनसाठी म्हणतोयस?"

"कोणाला?"

"त्यांना. तिघांना."

"तू तर म्हणतोस ते नाहीतच."

गेले कित्येक रविवार सगळी कंपनी मिळून दोजिनला जे करत होती, तेच तो आता या एका माणसाला करत होता, हे त्याच्या लक्षात आलं. तरी त्याने पुढचं वाक्य उच्चारलंच.

"नुसते ओठ हलव."

"तू हलवशील?" योंगसूने विचारलं.

बाहेर मेंग कोणावर तरी ओरडत होता. दोजिनने रेझर धुतलं, पुसलं. ते योंगसूकडे परत द्यायचं होतं, तसा नियम होता. त्याने ते स्वतःच्याच खिशात टाकलं.

"नुसते ओठ नाही," तो म्हणाला. "शनिवारी तू 'नाही' म्हण. रविवारी मी 'हो' म्हणतो. मोठ्याने."

शनिवारी तपासणी झाल्यावर दोघे कॅप्टनच्या खोलीत उभे राहिले. मेंग दारात.

"साहेब, मी उद्या बाप्तिस्मा घेतो," दोजिन म्हणाला.

कॅप्टन सोकच्या चेहऱ्यावर आलेलं समाधान खरं होतं. "शाब्बास. कोणी समजावलं?"

"जोडीदाराने."

"मी सांगितलं नव्हतं, मेंग? श्रद्धाळू माणसाच्या सहवासाचा परिणाम होतो." तो योंगसूकडे वळला. "बोल, बांग योंगसू. तुझं काय?"

योंगसू ताठ उभा होता. अंगठी बोटात नव्हती. ती दोजिनकडे ठेवायला दिली होती, तिच्यासमोर बोलणं जमणार नाही म्हणून.

"साहेब, मला धर्म नाही."

"कुठला?"

"कुठलाच."

"तिन्ही गेले?"

"तिन्ही, साहेब."

"एकदम?"

"एकदम."

कॅप्टन मेंगकडे पाहू लागला. मेंग छताकडे. "एखादा तरी ठेवायचास," कॅप्टन शेवटी म्हणाला. मग भिंतीवरच्या पाटीकडे, दोजिनकडे, योंगसूच्या रिकाम्या बोटाकडे त्याने पाहिलं. बदल्या होत होत माणूस कॅप्टन होतो, तो बुद्दू नसतो.

"म्हणजे आता लक्ष ठेवण्याजोगा तू," तो म्हणाला. "घरी कोण आहे?"

"कोणी नाही, साहेब. वडील जहाजावर."

"धर्म नाही आणि घरीही कोणी नाही. ही तर जास्तच धोक्याची गोष्ट झाली. मग फोन कोणाला करणार?"

"जी आहे तिला, साहेब."

"हा धर्म," कॅप्टनने सावकाश विचारलं, "परत येण्याचा काही संभव आहे का? उद्याच्या आत?"

"येईल, साहेब."

"किती वेळ लागेल?"

"तिने फोन उचलला तर पाच मिनिटं."

कॅप्टनने फोन त्याच्याकडे सरकवला. बोट मात्र खटक्याशेजारी ठेवलं, कारण नियम होता.

घंटी बराच वेळ वाजली. मग कोणीतरी उचलला, आणि योंगसू घाईघाईने म्हणाला, "मावशी, मला बोलू द्या. एकदाच. तुमच्या पाया पडतो, एकदाच." पलीकडे काही बाचाबाची झाली असावी. कॅप्टनचं बोट हललं नाही. मग योंगसूचे खांदे खाली आले.

"मी आहे," तो म्हणाला. "जेवलीस का?"

पलीकडून बरंच काही बोललं गेलं. योंगसू नुसता "हं, हं" करत होता.

"पळालो नाही ग. सैन्यात आहे मी, इथून पळता येत नाही. पत्रं लिहिली होती... कधी? गुरुवारी? ... मुलगी? कोणासारखी आहे? ... सही केलीस? ... सुरान, सही केलीस का ते सांग ... मग करू नकोस. सोमवारी माणूस आला तर त्याला सांग बाप आहे. नाव सांग माझं. बटालियन सांग. कॅप्टन सोक म्हणून आहेत, त्यांचंही नाव सांग."

कॅप्टनने डोळे मिटून घेतले. पण बोट होतं तिथेच राहिलं.

फोन ठेवल्यावर योंगसू तसाच उभा राहिला. त्याच्या नाकातून पाणी येत होतं, ते तो पुसत नव्हता.

"परत आला का?" कॅप्टनने विचारलं.

"आला, साहेब."

"कुठला?"

"तिन्ही."

"उद्यापुरता एक पुरे," कॅप्टन म्हणाला. "चर्च. बटालियन प्रमुख येणार आहेत."

दोजिनच्या फोनची वेळ टळून गेली होती. त्याने ती मागितली नाही. त्याच्यावर आता लक्ष ठेवायचं कारण उरलं नव्हतं.

रविवारी सभागृह एवढं भरलं होतं की हजार पोरांच्या श्वासाने खिडक्यांवर पाणी आलं. दोजिन आणि योंगसू शेजारी शेजारी बसले. बाहेरून आलेले पाद्री वाडगे घेऊन रांगारांगांच्या कडेला थांबले होते. व्यासपीठावरच्या पाद्रीने हात वर केला आणि ध्वनिक्षेपकातून विचारलं, "तुम्ही विश्वास ठेवता का?"

आदल्या संध्याकाळपासून दोजिनच्या मनात एक गोष्ट येत होती. योंगसूचा फोन झाला होता. मुलगी झाली होती, सही झालेली नव्हती. आता दोजिन नुसते ओठ हलवून बसला असता तर काही बिघडलं नसतं. योंगसूने विचारलंही नसतं. या देवाशी त्याची काही बोली नव्हती. बोली शेजारच्या माणसाशी होती, आणि तो माणूस डोळे मिटून हुंदके देत होता. त्याला दोजिनच्या ओठांकडे बघायची शुद्धच नव्हती.

"ठेवतो!" दोजिन ओरडला. अगदी छातीतून. कवायतीत ओरडायला लावतात तसं.

हजार आवाजांत तो आवाज कोणाला वेगळा ऐकू आला नाही. त्याला स्वतःला आला. आईच्या दुकानात कोणीतरी कालचा रस्सा आजचा म्हणून पुढे सरकवला, तसं त्याला वाटलं. मग डोक्यावर पाणी पडलं, ते मानेवरून आत शिरलं, आणि पाणी फारच गार असल्यामुळे पुढचं त्याला सुचलं नाही.

चोकोपाय दोन मिळाले. लोक म्हणत होते तेवढे ते गोड होते.

"दोजिन," योंगसू तोंड पुसत हळूच म्हणाला, "काल मी नाही म्हटलं, ते त्याने मनावर घेतलं असेल का रे?"

"मला विचारू नकोस," दोजिन म्हणाला. "मी नवीन आहे." आणि अंगठी काढून त्याला परत दिली.

बराकीत मेंगने रेझर योंगसूकडे मागितलं. मालकाला रीतसर परत द्यायचं होतं. ते दोजिनच्याच खिशातून निघालं तेव्हा मेंगने कपाळाला आठी घातली, पण आता बोलण्यासारखं काही नव्हतं.

"ठेव तुझ्याकडेच," तो म्हणाला. "तुला आता धोका नाही."

ठरल्याप्रमाणे कंपनीला फोन मिळाले. व्हरांड्यात लांबच लांब रांग लागली, आणि पोरांनी दोजिनला पाठीवर थापा मारत पुढे घातलं. ज्याने भातात बर्फ टाकला होता, त्याने तसं कबूल करून टाकलं आणि रांगेतला आपला नंबर दोजिनला दिला.

"काल का नाही केलास?" आई म्हणाली. "शनिवार म्हणून दुकान लवकर बंद करून बसले होते मी."

"आता शनिवारी फोन नाही येणार, आई. मला धर्म मिळाला."

"कोणी मारलं का तुला?"

"नाही ग."

"मग?"

"एकाला फोन करायचा होता. तातडीचा."

"लागला का त्याचा?"

"लागला."

"मग ठीक." चुलीवर काहीतरी उतू गेलं असावं, कारण ती क्षणभर बाजूला झाली. परत आली तेव्हा तिचा आवाज जरा बारीक होता. "कुठला घेतलास?"

"चर्चचा."

"चर्चवाले श्राद्ध करत नाहीत म्हणे. नमस्कार चालत नाही त्यांना. खालच्या आळीतल्या ह्यनच्या पोराने बापाच्या तसबिरीसमोर डोकं टेकवलं नाही, नुसता उभा राहिला. पुढच्या महिन्यात बाबांचं आहे. तू सुट्टीवर आलास तर... करशील ना? का आता तेही नाही?"

मागे रांगेतली पोरं पाय आपटत होती. मेंग हातातल्या घड्याळाकडे बघत होता. कॅप्टन सोक दारात उभा होता.

"करीन," दोजिन म्हणाला. सकाळच्यापेक्षा पुष्कळ हळू म्हणाला, पण पार मागच्या माणसापर्यंत ते ऐकू गेलं.